रॅम किती आहे हे कर्नेलला कोण सांगतं?

लॅबमधल्या कुठल्याही लिनक्स मशीनवर 'फ्री' ही कमांड द्या. एका ओळीत मेमरीचा हिशेब समोर येतो. एकूण इतकी, वापरात इतकी, शिल्लक इतकी. शिल्लक कमी दिसली की आपण ब्राउझरचे दोन टॅब बंद करतो आणि कामाला लागतो. पण त्यातला 'एकूण'चा आकडा आला कुठून, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कर्नेलने रॅम मोजली म्हणावं, तर मोजणारं कर्नेल स्वतःच त्याच रॅममध्ये बसलेलं आहे!

आधी भाषेबद्दल दोन शब्द. मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागात लिहायचं म्हणून सुरुवातीला जोशात 'मेमरी'ला 'स्मृती' असं लिहिलं. रूममेटने वाचून विचारलं, "ही स्मृती कुठल्या ब्रँचची गं?" तेव्हापासून मेमरीला मेमरीच म्हणते. कर्नेललाही कर्नेलच म्हणू या. ऑपरेटिंग सिस्टिमचा आतला गाभा, जो प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरी वाटून देतो, तो कर्नेल.

वाटून देतो म्हटलं की आपल्याला एकच व्यक्ती आठवते. रेक्टर मॅडम! कर्नेल म्हणजे रेक्टर आणि रॅम म्हणजे हॉस्टेल. त्यात ४ केबीची एक अशा एकसारख्या खोल्या, ज्यांना आपल्या पुस्तकात 'पेज' म्हणतात. १२८ एमबी रॅम म्हणजे ३२,७६८ खोल्या. कुणी मागितली की रिकामी द्यायची, सोडली की परत ताब्यात घ्यायची. आता समजा नव्या रेक्टर मॅडम रात्री दोन वाजता रुजू झाल्या. हातात रजिस्टर नाही, वॉचमन नाही. या इमारतीत एकूण खोल्या किती?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, एकेक दार ढकलून बघायचं. तीन कारणांनी ते जमत नाही. पहिलं, मॅडम स्वतः त्यातल्याच एका खोलीत उतरल्यात, आणि नेमकी कुठली ती त्यांना पक्की माहीत नाही. दुसरं, काही दारांमागे खोली नाहीच, ट्रान्सफॉर्मर आहे. प्रोसेसरच्या पत्त्यांमध्ये रॅमच्या जोडीला सीरियल पोर्ट, टायमर, नेटवर्क यांची रजिस्टरंही असतात. सीरियल पोर्टच्या रजिस्टरातून नुसतं वाचलं तरी तिथे आलेला अक्षर-डेटा निघून जातो, आणि चुकीच्या ठिकाणी लिहिलं तर घड्याळच बंद पडू शकतं. तिसरं कारण सगळ्यात फसवं. काही दारं उघडतात, आत खोलीही दिसते, पण ती खोली तुम्ही आधी मोजलेलीच असते. त्याबद्दल पुढे.

पीसीवर हा प्रश्न फार वर्षांपूर्वी सुटला. रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात पट्टीचा आकार आणि वेग लिहिलेला असतो. बायॉस ती वाचतो, मेमरी कंट्रोलर सुरू करतो आणि एक तक्ता तयार ठेवतो. कर्नेल सुरू होताना बायॉसला विचारतो आणि बायॉस तक्ता देतो. या विचारण्याचं नाव 'ई८२०', हा त्या बायॉस कॉलचा नंबर. आताच्या यूईएफआय मशीनमध्ये विचारण्याची पद्धत वेगळी, पण गोष्ट तीच. तक्त्यात नुसता एकूण आकडा नसतो बरं का. इथून इथपर्यंत वापरा, हा तुकडा राखीव, इथे भोक, अशा ओळी असतात. ६४० केबीनंतर १ एमबीपर्यंत सोडलेली जुनी मोकळी पट्टी अजूनही त्यात दिसते. थोडक्यात, पीसीच्या हॉस्टेलात वॉचमन काका जागे असतात आणि रजिस्टर हातात देतात.

बोर्डावर काका नाहीत.

एम्बेडेड बोर्ड म्हणजे मोबाइलएवढी हिरवी पाटी. त्यावर प्रोसेसर आणि रॅमची चिप थेट सोल्डर केलेली असते. पट्टी नाही, म्हणून पट्टीवरची माहितीची चिपही नाही. वीज दिली की आधी प्रोसेसरच्या आत कायमचा कोरलेला एक लहानसा प्रोग्रॅम चालतो. तो एसडी कार्डवरून बूटलोडरचा पहिला तुकडा उचलतो आणि प्रोसेसरच्या पोटातल्या थोड्याशा मेमरीत ठेवतो, कारण बाहेरची रॅम अजून झोपलेली असते. हा तुकडा रॅमच्या कंट्रोलरला वेग, रुंदी, रिफ्रेश असे आकडे देऊन रॅम जागी करतो. मग मोठा बूटलोडर (बहुतेक बोर्डांवर यू-बूट) येतो आणि शेवटी कर्नेल. गंमत बघा, रॅम जागी करायला रॅमबद्दलची माहिती लागते! ती कुणीतरी आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेली असते. बीगलबोन या बोर्डावर एक छोटी ईईप्रॉम चिप आहे, तिच्यात बोर्डाचं नाव लिहिलेलं असतं. जुन्या पांढऱ्या बीगलबोनला २५६ एमबी डीडीआर२, काळ्याला ५१२ एमबी डीडीआर३. यू-बूट ते नाव वाचून ठरवतो की रॅमला कुठले आकडे द्यायचे. ती चिप कोरी असेल तर बोर्ड सुरूच होत नाही, रॅम ठणठणीत असली तरी.

मी या भानगडीत कशी पडले ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आम्ही चौघांनी तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी पाण्याची पातळी नोंदवणारा डबा करायचं ठरवलं. माझं घर साताऱ्याला, हॉस्टेल सांगलीत, आणि कृष्णा दोन्हीकडे. माहुलीच्या घाटावर दिसणारी कृष्णा कऱ्हाडला कोयनेला घेऊन सांगलीत येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ तिची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे आकडे सांगलीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पुलाजवळची पातळी सरकारी यंत्रणा मोजतेच. आम्हाला ओढ्याची मोजायची होती. नदी फुगली की ओढ्यातलं पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे वस्तीत शिरतं, आणि ते किती वाजता शिरायला लागलं याची नोंद सहसा कुणाकडे नसते. डबा खांबावर लावायचा, जून ते सप्टेंबर चार महिने त्याने एकट्याने काम करायचं. ज्या रात्री त्याची खरी गरज, त्या रात्री तिथे जाऊन रीसेटचं बटण दाबणं कुणालाच शक्य नाही. म्हणून तो हँग होऊन चालणार नव्हता.

एका दुकानातून दोन बोर्ड मागवले. नाव तेच, रंग तोच, खोक्यावर छापलेलं ५१२ एमबी. दोन्हीत त्याच एसडी कार्डाची कॉपी घातली. दोन्ही सुरू झाले, दोन्हींनी 'फ्री'ला साधारण ५१२ दाखवले. सेन्सर कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर लावले आणि नोंदी चालू. एक बोर्ड सहा दिवस निवांत चालला. दुसरा साधारण अकरा तासांनी गप्प. परत चालू केला, परत तेवढ्याच वेळाने गप्प. एकदा तर बंद पडण्याआधीच्या नोंदींमध्ये पाण्याच्या पातळीच्या जागी कर्नेलच्या कुठल्यातरी मेसेजचा अर्धा तुकडा छापून आला. 'टाकीत पाणी ४.१ फूट' आणि पुढच्या ओळीत यूएसबीची बडबड! सेन्सर बदलला, वायर बदलली, पॉवर सप्लाय बदलला. शेवटी लॅबचे मामा भिंग घेऊन बसले आणि दोन्ही बोर्डांवरच्या रॅम चिपचे नंबर त्यांनी वहीत उतरवून दिले. नंबर वेगळे निघाले. डेटाशीटप्रमाणे एक चिप ४ गिगाबिट, दुसरी २ गिगाबिट. चिपवाले बिटांत बोलतात, आपण बाइटांत, म्हणजे आठाने भागायचं. एक बोर्ड ५१२ एमबी आणि दुसरा २५६!

इथे ते तिसरं, फसवं कारण येतं. २५६ एमबी असताना ५१२ चा बोर्ड अकरा तास चालला तरी कसा?

आपल्या हॉस्टेलला लिफ्ट नाही, पण समजा आहे. इमारत दोन मजल्यांची, लिफ्टमध्ये बटणं मात्र चार. तिसऱ्याचं बटण दाबलं की लिफ्ट पहिल्यावर नेते, चौथ्याचं दाबलं की दुसऱ्यावर. दाराबाहेर नंबर लिहिलेले नाहीत, त्यामुळे आत शिरणाऱ्याला शंका येत नाही. ३०१ मध्ये सामान ठेवा, परत ३०१ ला या, सामान तिथेच आहे! फक्त ती खोली १०१ आहे. रॅममध्ये हेच होतं. पत्त्याची सगळ्यात वरची तार लहान चिपपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तो एक बिट वाया जातो आणि वरचा अर्धा भाग म्हणजे खालच्याच भागाचं दुसरं नाव ठरतं. याला एलियसिंग म्हणतात.

आता रजिस्टरमध्ये चार मजले लिहिलेल्या रेक्टर मॅडमचं काय होईल? १०१ आणि ३०१ एकाच वेळी दोघींना दिल्या जात नाहीत तोवर काहीच होणार नाही. अर्धं हॉस्टेल रिकामं असताना सगळं छान. गर्दी वाढली की एक दिवस एकीच्या पलंगावर दुसरीचं सामान. आमच्या डब्यात एसडी कार्ड झिजू नये म्हणून नोंदी आधी रॅममध्येच साठवत होतो, आणि दिवसातून एकदाच कार्डावर उतरवायच्या होत्या. नोंदी वाढत गेल्या, नव्या खोल्या लागत गेल्या, अकराव्या तासाला टक्कर. पुरात नेमकं हेच झालं असतं. पाणी वेगाने चढतं तेव्हा डबा दर मिनिटाऐवजी दर पाच सेकंदांनी नोंद करणार होता. म्हणजे पूर जितका मोठा तितका तो लवकर मेला असता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की रॅम कमी सांगणारा बोर्ड परवडला, जास्त सांगणारा नको. कमी सांगितली तर थोडी वाया जाते आणि त्याच दिवशी कळतं. जास्त सांगितली तर बोर्ड हसतमुखाने सुरू होतो आणि पुढे कधीतरी भलतीकडेच फुटतो. तेव्हा आपण सेन्सरला शिव्या देत असतो.

मग ते खोटं ५१२ कर्नेलला सांगितलं कुणी? एआरएम बोर्डांवर पूर्वी 'एटॅग' नावाची पद्धत होती. बूटलोडर रॅममध्ये एक छोटी यादी लिहायचा, त्यात 'मेमरी इथून सुरू, इतकी मोठी' अशी एक नोंद असायची, आणि यादीचा पत्ता एका रजिस्टरात ठेवून कर्नेलकडे उडी मारायचा. बाकीचा तपशील प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलमध्येच वेगळी फाइल लिहून भरलेला असे. फायली इतक्या वाढल्या की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने एआरएमवाल्यांना जाहीरपणे चांगलंच सुनावलं. त्यानंतर एआरएममध्ये 'डिव्हाइस ट्री' झपाट्याने आली. ही बोर्डाची कुंडली समजा. प्रोसेसर कोणता, सीरियल पोर्ट कुठे, आणि 'मेमरी' नावाच्या एका नोंदीत रॅमची सुरुवात आणि आकार. कर्नेल सुरू होताच ही कुंडली वाचतो आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. चांगला बूटलोडर कर्नेलला कुंडली देण्याआधी त्यातला मेमरीचा आकडा खऱ्या मोजणीप्रमाणे दुरुस्त करतो. आमच्या कार्डावरचा बूटलोडर ते करत नव्हता. तिथे ५१२ हाताने लिहिलेलं होतं, तेच पुढे गेलं. आणि हे फक्त स्वस्त बोर्डांचं दुखणं नाही. रास्पबेरी पायचा मॉडेल बी फेब्रुवारी २०१२ मध्ये २५६ एमबी घेऊन आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्याच नावाने ५१२ एमबीचा मिळायला लागला. नावावरून रॅम ठरवली असती तर तिथेही फसगत झाली असती.

खरी मोजणी कशी करतात ते आता बघू, मला यातली युक्ती फार आवडली. यू-बूटमध्ये 'गेट रॅम साइझ' नावाचं फंक्शन आहे. ते सगळ्या खोल्या तपासत नाही. एलियसिंग पत्त्याच्या तारांमुळे होतं, आणि प्रत्येक तार म्हणजे दोनचा एक घात. तेव्हा फक्त त्याच जागा तपासायच्या. सगळ्यात लांबच्या जागेपासून सुरुवात करून अर्ध्यावर, पावावर, असं करत प्रत्येक ठिकाणी एक वेगळी चिठ्ठी ठेवायची. तिथे आधी जे होतं ते जपून बाजूला ठेवायचं. शेवटी पहिल्याच खोलीत शून्य लिहायचं. मग जवळच्या जागेपासून लांबच्या जागेकडे चिठ्ठ्या वाचत जायचं. जिथे आपली चिठ्ठी सापडत नाही, दुसरीच सापडते, तिथे इमारत संपली! २५६ च्या बोर्डावर '२५६ एमबी'ची जागा म्हणजे खरी पहिली खोलीच, तिथे शून्य सापडतं. शेवटी सगळीकडचं जुनं सामान परत जागेवर ठेवायचं. १ जीबीपर्यंत मोजायला तीसेक चिठ्ठ्या पुरतात.

यात दोन खाचखळगे आहेत. कॅशे चालू असेल तर चिठ्ठी रॅमपर्यंत न जाता वाटेतल्या कॅशेतूनच परत मिळते आणि कितीही मोजलं तरी सगळं बरोबर वाटतं. दुसरा आमच्या ईएनटीसीच्या मैत्रिणीने सांगितला. जिथे चिपच नाही तिथे लिहून लगेच वाचलं, तर डेटाच्या तारांवर रेंगाळलेला चार्जच कधीकधी परत वाचला जातो. म्हणून मध्ये दुसरीकडे काहीतरी वेगळं लिहून तारा 'पुसून' घ्याव्या लागतात. आणि ही पद्धत दोनच्या घातातले आकारच ओळखते, ३ जीबीच्या बोर्डाला ती उपयोगी नाही. शिवाय हे काम बूटलोडरचंच. कर्नेल रॅममध्ये पसरल्यावर त्याने अशा चिठ्ठ्या टाकत फिरणं म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड.

मग कर्नेलमध्ये आपण करायचं ते काय? लिनक्समध्ये फारसं काही नाही, तिथे ही कामं पक्की झाली आहेत. पण स्वतः हात घालून शिकायचं असेल तर एक्सव्ही६ घ्या. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेलं हे छोटं कर्नेल आहे, आणि २०१९ पासून त्याची रिस्क-५ आवृत्ती मिळते. याला मेमरी ओळखता येत नाही, कारण कुणी शिकवलंच नाही! एका हेडर फाइलमध्ये 'फिजस्टॉप' नावाची व्याख्या आहे. रॅम २ जीबीच्या पत्त्यापासून सुरू, त्यात १२८ एमबी मिळवा, तिथे संपली. बस्स. बोर्डावर ५१२ असोत की ६४, रेक्टर मॅडमच्या मते खोल्या ३२,७६८ च.

हे बदलायला घेतलं की प्रत्येक पायरीवर काहीतरी निघतं. क्यूईएमयू या सिम्युलेटरवर कर्नेल सुरू होतं तेव्हा डिव्हाइस ट्रीचा पत्ता 'ए१' नावाच्या रजिस्टरात तयार असतो. म्हणजे रजिस्टर घेऊन काका दारात उभे आहेत! पण एक्सव्ही६ च्या अगदी पहिल्या असेंब्ली फाइलमध्ये तिसऱ्याच सूचनेत स्टॅकचा हिशेब करायला तोच ए१ वापरून टाकलाय. काकांनी पुढे केलेला कागद मॅडमनी न वाचता त्याच्या पाठीवर बेरीज केली. तेव्हा पहिलं काम म्हणजे ए१ मधला पत्ता आधी दुसऱ्या रजिस्टरात हलवायचा आणि पुढच्या सी फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा.

मग तो कागद वाचायचा. त्याची सुरुवात एका ठरलेल्या खुणेने होते, हेक्समध्ये ती 'डूड फीड' अशी वाचता येते (करणाऱ्यांना विनोदबुद्धी होती). ही खूण पटली तरच पुढे जायचं. डिव्हाइस ट्रीत आकडे मोठा बाइट आधी या क्रमाने लिहितात आणि रिस्क-५ लहान बाइट आधी वाचतो. १२८ एमबी म्हणजे हेक्समध्ये ०८ ०० ०० ००. उलटवायला विसरलं की तेच ०० ०० ०० ०८ होतं, म्हणजे एकूण रॅम आठ बाइट! आठ बाइटांत तर माझं नावही नीट बसणार नाही. हा घोळ निदान लगेच दिसतो, त्यामुळे मला त्याचा राग नाही.

पुढचा खड्डा जास्त लबाड. डिव्हाइस ट्री ठेवलेली असते रॅमच्याच वरच्या टोकाजवळ. आणि एक्सव्ही६ सुरुवातीलाच, कर्नेल जिथे संपतं तिथपासून फिजस्टॉपपर्यंतच्या सगळ्या खोल्या 'रिकाम्या' म्हणून नोंदवतं, आणि नोंदवताना प्रत्येक खोली १ या आकड्याने भरून टाकतं, कुणी सोडलेली मेमरी वापरली तर पकडलं जावं म्हणून. म्हणजे नकाशा वाचायच्या आत नकाशावरच चुना! तेव्हा मेमरीची नोंद या साफसफाईच्या आधी वाचून आकडा एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. नंतर नकाशा गेला तरी हरकत नाही.

राहिले ते फिजस्टॉप वापरणारे. कर्नेलमध्ये ते मुख्यत्वे तीन ठिकाणी आहेत. खोल्या नोंदवताना, खोली परत घेताना पत्ता हद्दीत आहे का ते बघताना, आणि कर्नेलचं पेज टेबल बनवताना. एक बदलून दुसरं विसरलं तर गंमतच. पहिलं वाढवून दुसरं तसंच ठेवलं, तर आपल्याच नव्या खोल्या नोंदवताना कर्नेल 'केफ्री' म्हणत पॅनिक होतं. पहिली दोन वाढवून तिसरं विसरलं, तर खोली रजिस्टरमध्ये आहे पण तिथे जायला जिना नाही.

एवढं करूनही 'एकूण' हा एकच आकडा नेहमी पुरत नाही. रास्पबेरी पाय ४ हे त्याचं उत्तम उदाहरण. त्यातल्या ग्राफिक्सच्या भागाला 'एआरएमला किती मेमरी?' असं विचारायची सोय आहे. ४ जीबीच्या पायवर ते उत्तर देतं ९४८ एमबी! उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे. पहिल्या १ जीबीतले वरचे ७६ एमबी ग्राफिक्सने स्वतःला ठेवून घेतलेत, आणि हा प्रश्न फक्त पहिल्या जीबीबद्दल उत्तर देतो. डिव्हाइस ट्री वाचली तर दुसरा तुकडाही दिसतो, १ जीबीपासून पुढे ३,००८ एमबीचा. त्याच्या वरचे शेवटचे ६४ एमबी उपकरणांच्या पत्त्यांखाली झाकले गेले आहेत. स्वतःचं छोटं कर्नेल पायवर नेणाऱ्यांना इथे ठेच लागते. पायच्या रिव्हिजन कोडमध्ये तीन बिट फक्त रॅमसाठी आहेत, त्यावरूनही ४ जीबी कळतात. पण तो आकडा म्हणजे इमारत केवढी, त्यातल्या किती खोल्या आपल्या ते नव्हे. म्हणून फिजस्टॉपच्या जागी एक आकडा न ठेवता तुकड्यांची यादी ठेवावी. मी माझ्या आवृत्तीत आठ तुकड्यांपर्यंतची जागा ठेवली आहे, आणि तेवढी पुरेल असं वाटतं.

आमच्या डब्याचं म्हणाल तर त्यासाठी आम्ही कर्नेलला हात लावला नाही. यू-बूटमध्ये हाताने लिहिलेला आकडा काढून तिथे मोजणी बसवली आणि कर्नेलला कुंडली देताना मेमरीची नोंद त्या मोजणीने बदलली. कर्नेलच्या कमांड लाइनवर 'मेम=२५६एम' लिहूनही काम भागलं असतं. एका सरांनी तेच सुचवलं होतं, आणि घाई असेल तर ते बरोबरच आहे. पण मग एसडी कार्ड एका बोर्डातून काढून दुसऱ्यात घातलं की परत तोच गोंधळ, आणि ऐन पावसात कार्डांची अदलाबदल होणार हे नक्की. आता दोन्ही बोर्डांना एकच कार्ड चालतं. एक ५१२ सांगतो, दुसरा २५६. लहान बोर्डाने टाकीवर सतरा दिवस काढले, मग परीक्षा आल्या म्हणून आम्हीच तो काढून आणला.

ज्यांना करून बघायचंय त्यांना बोर्डाचीही गरज नाही, कुठल्याही लॅपटॉपवर क्यूईएमयू चालतं. एक्सव्ही६ च्या मेकफाइलमध्ये १२८एम असं लिहिलेलं आहे, ते ६४एम करा आणि मूळ कर्नेल चालवा. 'एक्सव्ही६ कर्नेल इज बूटिंग' ही ओळ येईल आणि पुढे काहीच नाही. एररही नाही. खोल्या भरत भरत कर्नेल ६४ एमबीच्या पलीकडे गेलं, तिथे काहीच नव्हतं, आणि तक्रार ऐकणारा ट्रॅप हँडलर अजून कामावरच आलेला नसतो, तो नंतर येतो. मग ए१ वाचवा, नोंद वाचा, तिन्ही ठिकाणं बदला आणि परत ६४ वर चालवा. शेलचं डॉलरचं चिन्ह यायला हवं. आलं नाही तर लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला. मुलांनी लॅबमध्ये गाठावं, मंगळवार आणि गुरुवार, चार ते सहा.